वतन सोडून पंतोजी झालेला पुरोहित

शिक्षकाविषयीं आदराचे शब्द आपल्या घरांत कधीं कमी पडत नाहींत. गुरुपौर्णिमेस त्याला वंदन होतें, सभासमारंभांत त्याच्या गळ्यांत हार पडतो, आणि मुलांच्या वहीवर सुविचार लिहावयाचा झाला तर तोही बहुधा गुरुमहिम्याचाच असतो. परंतु पोरांस अक्षरओळख करून देणारा, थोडक्या पगारावर राबणारा एखादा मास्तर ऐन जेवणाच्या वेळीं दाराशीं आला, तर त्याचें पान आपल्या पंक्तीस मांडावें कीं ओसरीवरच चहाचा पेला देऊन त्याची बोळवण करावी, हा विचार करण्यांत घरांतील वडील मंडळींचा क्षणभर तरी जातोच. आज ज्या संस्थेची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहोंत, तिचा उगम अशाच एका पंक्तिप्रपंचांत आहे. स्थळ फ्रान्समधील रॅंस शहर, काळ १६८० च्या आगेंमागें, आणि यजमान एकोणतीस-तीस वर्षांचा एक श्रीमंत कॅथॉलिक पुरोहित, झां-बातिस्त द ला साल.

रॅंस म्हणजे जेथें फ्रान्सच्या राजांस राज्याभिषेक होत असे तें शहर. तेथील द ला साल घराणें चांगलें नांवाजलेलें होतें. झां-बातिस्तचा बाप लुई हा तेथील न्यायसभेंत सल्लागार. त्याला अकरा अपत्यें झालीं, त्यांपैकीं सात जगलीं. ३० एप्रिल १६५१ रोजीं जन्मलेला झां-बातिस्त सर्वांत वडील. मुलाचा ओढा लहानपणापासून देवधर्माकडे. त्याला सोळावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच एका वृद्ध नातेवाइकानें कॅथीड्रलच्या मानकरी पुरोहितांतील आपली जागा त्याच्या हवालीं केली. या जागेस ‘कॅनन’ म्हणत. ती आपल्या भाषेंत सांगावयाची तर एक वतनच होती: मान मोठा, उत्पन्न कायमचें, काम बेताचें. पुढें पॅरिस येथें त्याचा धर्मशास्त्राचा अभ्यास चालू असतां १६७१ त आई गेली, आणि वर्ष उलटतें न उलटतें तोंच १६७२ त बापही गेला. मुलगा वयाच्या एकविसाव्या वर्षीं अभ्यास अर्धवट टाकून घरीं आला, आणि धाकट्या भावंडांचा पालक होऊन बसला. इस्टेटीचे हिशेब, भावांचें शिक्षण, बहिणींची व्यवस्था, हें सारें त्यानें चोखपणें पाहिलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस या कर्त्या मुलाची ओळख करून देण्याची गरज नाहीं. तसा एक बहुधा प्रत्येक घरांत होऊन गेलेला असतो.

अशा या गृहस्थाच्या आयुष्यांत १६७९ सालीं आद्रियां न्येल नांवाचा एक वयस्क माणूस आला. तो रुआंहून आला होता. रॅंसच्याच एका धनिक बाईनें गरिबांच्या मुलग्यांसाठीं फुकट शाळा काढाव्या म्हणून त्याला धाडिलें होतें. न्येल मोठा उत्साही, पण एक शाळा उघडली न उघडली कीं दुसरी उघडावयास धांवणारा. मागें राहिलेल्या मास्तरांकडे पाहावयास त्याला वेळ नसे. त्या काळीं असल्या शाळेवर कोण येत असे? ज्याला दुसरें कांहीं जमलें नाहीं तो. लिहितां-वाचतां जेमतेम येणारे, रीतभात नसलेले, पगार अपुरा म्हणून चिडलेले, आणि बरी संधि मिळतांच निघून जाणारे. द ला सालनें न्येलला सल्ला दिला, शाळेस जागा मिळवून दिली. हेतु एवढाच कीं परक्या माणसाची अडचण दूर व्हावी. पुढें त्यानेंच लिहून ठेविलें आहे कीं या मास्तरांस तो प्रथम आपल्या खासगी नोकराहूनही खालचे समजत असे, आणि त्यांच्याबरोबर राहण्याची पाळी येईल अशी नुसती कल्पना त्या वेळीं आली असती तर त्यानें या कामास हातच लावला नसता. एका लहान कबुलीतून दुसरी, दुसरींतून तिसरी, असा तो नकळत ओढला गेला. थोर पुरुषांच्या चरित्रांत पाळण्यांतूनच तेजोवलय दाखविण्याची जी चाल आहे, तिच्या मानानें हा कबुलीजबाब आम्हांस फारच मोलाचा वाटतो.

मास्तरांची दशा सुधारल्याशिवाय शाळा सुधारणार नाहीं, हें त्याच्या व्यवहारी बुद्धीस लौकरच उमगलें. प्रथम त्यानें त्यांस आपल्या घराजवळ जागा घेऊन दिली. मग जेवावयास घरीं बोलावूं लागला. जेवतांना धर्मग्रंथाचें वाचन होई, रीतभात शिकविली जाई. आणि २४ जून १६८१ रोजीं तर त्यानें त्यांस सरळ आपल्या वाड्यांतच राहावयास आणिलें.

यावर आप्तमंडळींत जो गहजब उडाला तो वर्णन करण्याचें कारण नाहीं. ज्याला नातेवाईक आहेत त्याला तो ऐकूं येईलच. कुळाची अब्रू गेली. कॅथीड्रलच्या मानकऱ्याच्या मेजावर हे अडाणी लोक. पोरक्या भावंडांवर संस्कार कोणते व्हावयाचे? शेवटचा आक्षेप आम्हांस अगदीं पोकळ वाटत नाहीं. हा मनुष्य केवळ स्वतःच्या घरांत प्रयोग करीत नव्हता. तो दुसऱ्यांच्या मुलांचा पालकही होता, आणि पालकानें आपला ध्येयवाद पाल्यांच्या ताटांत वाढावा काय, हा प्रश्न आजच्या समाजसेवकांच्या घरींही विचारला जातो. धाकटे तीन भाऊ त्या वेळीं त्याच्याजवळ होते; त्यांपैकीं दोघे त्या घरांतून गेले, एक मात्र राहिला. एका वर्षानें, २४ जून १६८२ रोजीं, द ला सालनें स्वतःच पितृगृह सोडिलें आणि मास्तरांसह शहराच्या दुसऱ्या भागांतील एका साध्या घरांत बिऱ्हाड केलें. आधीं मास्तर त्याच्या पंक्तीस आले होते. आतां तो त्यांच्या पंक्तीस गेला. आपल्याकडे कोणाकोणाच्या पंक्तीस कोणी बसूं नये याचे नियम किती होते आणि त्यांपायीं किती पोरांची शाळा बुडाली, हें येथें विस्तारानें सांगावयास नको.

पण एका पंक्तीस बसल्यानें माणसें एक होतात असें नाहीं, हें त्याला तेथें कळून आलें. मास्तरांस पुढची चिंता होती: शाळा बंद पडल्या, आपण म्हातारे झालों, तर काय? द ला साल त्यांस ईश्वरावर भरंवसा ठेवावयास सांगे. एके दिवशीं त्यांनीं तोंडावर उत्तर दिलें. त्याचा आशय असा: आपणांस हें बोलणें सोपें आहे, आपली वतनी जागा आहे, वडिलार्जित इस्टेट आहे, शाळा बुडाल्या तर आपण सुखानें जेवाल आणि आम्ही भीक मागूं. या उत्तरांत उद्धटपणा असेल, पण खोटें कांहीं नव्हतें. द ला साल निरुत्तर झाला, आणि निरुत्तर होऊन गप्प बसला नाहीं, हेंच त्याचें वेगळेपण. त्यानें पॅरिसच्या निकोला बारे या संन्याशी धर्मगुरूचा सल्ला घेतला. बारेनें स्वतः गरिबांच्या शाळा काढल्या होत्या. त्यानें सांगितलें कीं सर्व सोड.

प्रथम वतन. १६८३ सालीं त्यानें कॅननची जागा सोडली. आतां एवढी उत्पन्नाची जागा सोडावयाची तर ती धाकट्या भावास द्यावी, ही नातेवाइकांची अपेक्षा. भाऊही धर्मसेवेंतच जाणारा होता. वरिष्ठांसही तेंच योग्य वाटत होतें. द ला सालनें ती फोबेर नांवाच्या एका गरीब पुरोहितास दिली. आमच्या मतें त्याच्या सगळ्या त्यागांत हा सर्वांत अवघड. आपल्या वांट्याचें सोडणें एक वेळ जमतें. पण घराबाहेर जाऊं देणें, आणि तें भावाच्या डोळ्यांदेखत, याला निराळीच छाती लागते. मग इस्टेट. ती विकून शाळांचा कायमचा निधि करावा कीं नाहीं यावर त्यानें विचार केला आणि तसें न करण्याचें ठरविलें. १६८४ च्या सुमारास त्या प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हां आपल्या वांट्याचा पैसा त्यानें भाकरीच्या रूपानें दारोदार वांटून टाकला. अर्थशास्त्रज्ञ यास शहाणपण म्हणणार नाहींत. निधि ठेविला असता तर पुढील कित्येक संकटें टळलीं असतीं, असें आम्हांसही वाटतें. पण मास्तरांच्या त्या उत्तरास दुसरें प्रत्युत्तर नव्हतें.

येथें आमच्या कांहीं वाचकांस पुण्याची आठवण होईल. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ त निघाली, तेव्हां अल्प वेतनावर जन्म वाहणाऱ्या आजीव सभासदांची कल्पना तिच्या मुळाशीं होती. आणि आजीव सभासदानें बाहेरची कमाई करावी कीं नाहीं, या तंट्यांतूनच लोकमान्य टिळक १८९० त तिच्यांतून बाहेर पडले. देश निराळा, धर्म निराळा; परंतु पैशाचा प्रश्न तोच, आणि तो उत्तम माणसांमध्येंच उपस्थित झाला.

आतां शाळेकडे वळूं, कारण त्यागाच्या कथा पुष्कळ असतात, परंतु शाळा चालविण्याची अक्कल विरळा. त्या काळीं फ्रान्समध्यें मुलास वाचावयास शिकवीत तें लॅटिनमधून. लॅटिन ही देवळाची आणि विद्वानांची भाषा. ती वाचतां आली कीं फ्रेंच आपोआप येईल, असा समज. द ला सालनें हा क्रम उलटा केला: आधीं फ्रेंच. त्याचें कारण अगदीं साधें होतें. सुताराचा मुलगा शाळेंत दोन-चार वर्षें येणार, मग बाप त्याला कामास लावणार. लॅटिनचीं अक्षरें त्यानें ओळखलीं, पण अर्थ कधींच कळला नाहीं, तर ते दिवस फुकट गेले. मातृभाषेंत वाचावयास आलें तर निदान तो उरलेल्या जन्मांत स्वतः कांहीं वाचूं शकेल. यावर मोठ्या धर्माधिकाऱ्यांनीं वाद घातला. द ला साल हटला नाहीं. शिक्षणाचें माध्यम कोणतें, हा वाद आपल्याकडे अजून संपलेला नाहीं. त्यांत लॅटिनच्या जागीं कोणती भाषा बसते हें वाचकांस ठाऊकच आहे.

दुसरी गोष्ट वर्गाची. जुना मास्तर एकेका पोरास जवळ बोलावून धडा घेई; बाकीचे तोंवर एकमेकांच्या केसांस झोंबत. द ला सालच्या शाळांत सारख्या तयारीचीं मुलें एकत्र बसविलीं, सर्वांच्या हातीं एकच पुस्तक दिलें. एक वाचूं लागला कीं बाकीच्यांनीं मनांत त्याच्याबरोबर चालावें. ही युक्ति त्यापूर्वीं कोणास सुचली नव्हती असें नाहीं. परंतु गांवोगांवच्या शाळांत ती नियमानें रुजविली ती यांनीं. मास्तरानें शक्य तों बोलूंच नये, असाही नियम होता. त्याच्या हातांत एक लहान लाकडी यंत्र असे. त्याचा टकटक आवाज करून तो मुलास थांबवी, पुन्हा वाचावयास लावी. घसा फोडणाऱ्या आमच्या शिक्षकबंधूंनीं याचा विचार करावा.

वाचन पक्कें झालें कीं छापील पुस्तक बाजूस ठेवून हातानें लिहिलेले जुने कागद पुढें येत: करारनामे, पावत्या, भाडेपट्टे. तेच उतरवून काढावयाचे, तशींच नवीं लिहावयाचीं. आपल्याकडे मोडी दस्तऐवज वाचतां न आल्यामुळें किती घराण्यांच्या जमिनी गेल्या हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या एका योजनेंतलें शहाणपण सांगावें लागणार नाहीं. कागद वाचतां येणें ही गरिबाची ढाल आहे, हें त्या पुरोहितानें ओळखलें होतें.

या सर्व पद्धतीचें पुस्तक वर्षानुवर्षें हस्तलिखित रूपानें फिरत होतें. मास्तरांच्या अनुभवानें तें दुरुस्त होत गेलें आणि संस्थापकाच्या मृत्यूनंतर १७२० त आव्हीन्यों येथें छापलें गेलें. त्यांत न्याहारीचें प्रकरण आहे. मुलांनीं शाळेंतच खावें, नीट खावें, आणि ज्यांच्यापाशीं जास्त असेल त्यांनीं एका टोपलींत भाकरीचा तुकडा टाकावा. ती टोपली मग ज्यानें कांहीं आणलें नाहीं त्याच्याकडे जाई. गैरहजेरीचें प्रकरण तर वाचण्यासारखें आहे. मुलगा शाळेंत कां येत नाहीं याचीं कारणें शोधतांना ग्रंथकार मुलाच्या स्वभावाकडे पाहतो, आईबापांच्या दारिद्र्याकडे पाहतो, आणि मास्तराकडेही पाहतो: मास्तरच कंटाळवाणा किंवा निष्ठुर असेल तर पोर कशास येईल? शिक्षेचें प्रकरणही आहे, आणि तें आजच्या वाचकास रुचणार नाहीं. चामड्याची पट्टी आणि छडी दोन्ही तेथें आहेत. त्या क्वचित्, रागावांचून आणि मोजून वापराव्या, असा कटाक्ष आहे. त्या काळच्या मानानें हा सौम्यपणाच. आणि या शाळा फक्त मुलग्यांच्या. मुलींसाठीं अन्य संन्यासिनींच्या शाळा होत्या. मास्तरांच्या या संघानें मुलींकडे शतकानुशतकें पाहिलें नाहीं.

१६८८ त द ला साल पॅरिसला गेला, आणि खटले त्याच्या मागें लागले. तेथें लेखनशिक्षकांचा एक जुना संघ होता. सुंदर अक्षर शिकविण्याचा अधिकार त्यांचा, त्यावर त्यांचें पोट. फुकट शाळा गरिबांसाठीं म्हणून निघाल्या, पण तेथें शिक्षण इतकें चांगलें होऊं लागलें कीं पैसे देऊं शकणारे बापही मुलांस तिकडेच धाडूं लागले. द ला साल कोणाच्या दारिद्र्याचा दाखला मागत नसे. श्रीमंताचें आणि गरिबाचें मूल एकाच बांकावर बसे. लेखनशिक्षकांनीं १७०४ त फिर्याद केली. शाळेचें सामान जप्त झालें, दंड झाला, आणि ज्यांचें दारिद्र्य सिद्ध आहे त्यांसच शिकवावें असा हुकूम सुटला. ते लेखनशिक्षक खलपुरुष होते असें आम्ही म्हणणार नाहीं. फुकट शिकविणाऱ्या शेजाऱ्यानें पोटावर पाय दिल्यावर कोण स्वस्थ बसेल? पण शाळा मोफत असली कीं ती भिकाऱ्यांचीच असली पाहिजे, हा हट्ट त्या निकालानें कायद्यांत बसविला. मोफत शाळेकडे नाक मुरडण्याची वृत्ति तेव्हांपासून पुष्कळ देशांत टिकून आहे.

संघाच्या रचनेंत एक विलक्षण गोष्ट अशी कीं त्यांत पुरोहित कोणीच नव्हता, एकटा संस्थापक सोडून. हे सर्व ‘बंधु’: ब्रह्मचर्यानें एकत्र राहणारे, पण धर्मसंस्काराचा अधिकार नसलेले शिक्षक. आंरी नांवाच्या एका हुशार बंधूस पुरोहित करावें, तो आपल्यामागें संघ चालवील, असा द ला सालचा प्रथम विचार होता. १६९० त तो बंधु अकस्मात् वारला. द ला सालनें हा ईश्वरी संकेत मानला, आणि पुढें बंधूंनीं पुरोहित होऊंच नये असा नियम झाला. संकेत असो वा नसो, परिणाम चांगला झाला. शिकविणें ही पुरोहितपणाच्या पायरीवरची तात्पुरती नोकरी राहिली नाहीं. तेंच पूर्ण कर्म ठरलें.

त्याच सुमारास माणसें गळत चाललीं होतीं, पैसा नव्हता. २१ नोव्हेंबर १६९१ रोजीं द ला साल आणि दोन बंधु, निकोला व्हुयार आणि गाब्रिएल द्रोलॅं, यांनीं एकत्र शपथ घेतली कीं आपण तिघेच उरलों, भीक मागून कोरड्या भाकरीवर राहावें लागलें, तरी हें काम सोडणार नाहीं. त्या शपथेचें पुढें काय झालें तें सांगण्याजोगें आहे. व्हुयारच्या हवालीं पॅरिसमधील एक शिक्षकविद्यालय केलें होतें. त्याच्यासाठीं ठेविलेला पैसा एका मृत्युपत्रान्वयें त्याच्या नांवें आला, तेव्हां त्यानें संघाशीं संबंध तोडून तें स्वतंत्रपणें चालवावयास घेतलें, आणि तें बंद पडलें. संस्थापक स्वतः १७१२ त खटल्यांस आणि अंतर्गत कुरबुरींस कंटाळून दक्षिण फ्रान्सकडे निघून गेला. आपल्याच असण्यानें संघाचें नुकसान होत आहे असें त्याला वाटूं लागलें होतें. तेव्हां १ एप्रिल १७१४ रोजीं पॅरिसच्या बंधूंनीं त्याला पत्र लिहिलें: आपण आज्ञापालनाची शपथ घेतली आहे, संघाच्या नांवें आम्ही आज्ञा करतों कीं परत येऊन कारभार हातीं घ्या. ज्यांना एके काळीं तो नोकराहून खालचे मानीत असे, त्यांनीं आज्ञा केली, आणि तो परत आला. ७ एप्रिल १७१९ रोजीं रुआंजवळ सां-यों येथें तो वारला.

पुढचा इतिहास थोडक्यांत आटोपूं. फ्रेंच राज्यक्रांतींत १७९२ त संघ मोडला, नेपोलियनच्या अमदानींत पुन्हा उभा राहिला. १८५२ त हे बंधु सिंगापूर आणि पेनांगपर्यंत पोंचले. १९०४ त फ्रान्सनें धर्मसंघांस शिकविण्याची बंदी केली, आणि त्यामुळेंच हजारों बंधु जगभर पांगले. १९०० त द ला साल संत म्हणून घोषित झाला, १९५० त शिक्षकांचा पालक संत. १९६५ च्या सुमारास बंधूंची संख्या सोळा हजारांवर होती. आज ती तीन हजारांच्या आसपास आली आहे, आणि सुमारें ऐंशी देशांतील त्यांच्या शाळा मुख्यतः गृहस्थाश्रमी शिक्षक-शिक्षिका चालवितात. मुलीही आतां तेथें शिकतात. एक काळी बाजूही लपवितां येत नाहीं. उत्तर आयर्लंडमध्यें या बंधूंनीं चालविलेल्या रुबेन हाउस या बालगृहांतील मुलांवर झालेल्या अत्याचारांची सरकारी चौकशी होऊन २०१७ त तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. निराधार मूल संपूर्णपणें ज्याच्या हातीं सोंपवावयाचें, त्याच्यावर बाहेरची नजर असलीच पाहिजे. त्याच्या अंगावरचा झगा पाहून ती सैल करूं नये.

राहिला तिसरा शपथकर्ता, गाब्रिएल द्रोलॅं. त्याला १७०२ त रोमला धाडिलें होतें. पोपच्या नगरींत आपली एक शाळा असावी, एवढाच हेतु. बरोबरचा सोबती लौकरच परत गेला. द्रोलॅं एकटा राहिला. परका मुलूख, परकी भाषा, हातीं पैसा नाहीं. कांहीं वर्षांनीं त्याला गरीब मुलांची एक लहानशी शाळा मिळाली. द ला साल त्याला पत्रें लिही. त्यांत पैशाची अडचण असे, सोबती पाठविण्याचें आश्वासन असे, कधीं वडीलकीचा कान धरणेंही असे. तीं पत्रें द्रोलॅंनें जपून ठेविलीं, म्हणून आज तीं उपलब्ध आहेत. सोबती आला नाहीं. संस्थापक वारल्याची बातमी त्याला रोमलाच कळली. १७२५ त पोपनें संघास मान्यता देणारें आज्ञापत्र काढलें तेव्हांही तो तेथेंच मुलांस शिकवीत होता. १७२८ त, सव्वीस वर्षांनीं, त्याला फ्रान्सला परत बोलाविण्यांत आलें, आणि त्याच्या जागीं दुसरे बंधु रोमला गेले.